डिजिटल पर्यटनाची सिद्धता मोजावी कशी?

अमुक देश डिजिटल पर्यटनास सिद्ध झाला आहे, असे विधान अलीकडे वारंवार कानी येते. शासकीय समारंभांत ते होते, वृत्तपत्रांत छापून येते आणि पुष्कळदा कोणत्याही शंकेवाचून स्वीकारलेही जाते. वास्तविक हे विधान मोजमापाचे आहे. मोजमापाचे विधान कोणी केले, की माप कोणते, मोजणी कोठे झाली आणि ती कोणाच्या सोयीने झाली, हे तीन प्रश्न विचारणे विज्ञानाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. हे प्रश्न भारताला लावून पाहिले असता काय आढळते, याचा विचार येथे करावयाचा आहे. आपल्या देशाने या क्षेत्रात मोठी मजल मारली आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु मजल मोजण्याची आपली रीत सदोष आहे, आणि त्या दोषाची किंमत दुर्गम भागातील लहान यजमानास मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

संज्ञेचा अर्थ

डिजिटल पर्यटन या शब्दाचे दोन अर्थ केले जातात. घरबसल्या पडद्यावर वेरूळचे कैलास लेणे पाहणे, हा एक अर्थ. प्रत्यक्ष प्रवासात संगणक, मोबाइल फोन व इंटरनेट यांचे साहाय्य घेणे, हा दुसरा. प्रस्तुत विवेचनात दुसराच अर्थ अभिप्रेत आहे. कारण माणसांची उपजीविका प्रत्यक्ष प्रवासावर अवलंबून असते.

असा प्रवास म्हणजे एक साखळी होय. प्रवासी प्रथम स्थळाची माहिती मिळवितो. परदेशी असल्यास प्रवेशपत्र मागतो. गाडीचे अथवा विमानाचे तिकीट काढतो. राहण्याची जागा ठरवितो. आल्यावर फोन चालू करून घेतो. नकाशा पाहत फिरतो. प्रेक्षणीय स्थळाचे प्रवेशतिकीट घेतो. पैसे चुकते करतो. भाषेची अडचण सोडवितो. आणि प्रसंग पडल्यास मदत मागतो. या दहा कड्या झाल्या. त्यांपैकी एक जरी निखळली, तरी प्रवाशाच्या दृष्टीने साखळी तुटते. बाकीच्या नऊ कड्या उत्तम होत्या, हे त्यास सांगून उपयोग होत नाही.

प्रचलित मापे व त्यांची मर्यादा

देशांची तुलना करण्यासाठी जागतिक आर्थिक मंच ही संस्था प्रवास व पर्यटन विकास निर्देशांक प्रसिद्ध करते. 2024 च्या निर्देशांकात 119 अर्थव्यवस्थांचा विचार झाला असून 17 स्तंभ व 102 घटक मोजले गेले आहेत. माहिती व दळणवळण तंत्रज्ञानातील सिद्धता हा त्यांतील एक स्वतंत्र स्तंभ आहे. त्या यादीत भारताचा क्रमांक 39 वा लागला. नैसर्गिक संपत्तीत आपण सहावे आणि सांस्कृतिक संपत्तीत नववे आहोत. म्हणजे निसर्गाने व पूर्वजांनी जे दिले, त्यात आपण अग्रभागी आहोत. आपण जे उभारावयाचे, ते धरले म्हणजे मागे सरतो. एवढा बोध या अंकांवरून निश्चित होतो.

परंतु असे निर्देशांक देशाची सरासरी सांगतात. इंटरनेट वापरणाऱ्यांचे प्रमाण किती, मोबाइल जोडण्या किती, जाळ्याच्या छायेत किती लोकसंख्या येते, अशा घटकांवर ते आधारलेले असतात. लोकसंख्या जेथे राहते तेथे हे घटक खरे ठरतात. प्रवासी मात्र पुष्कळदा लोकसंख्या जेथे राहत नाही, तेथेच जातो. 2024 साली देशातील सुमारे 6 लाख 44 हजार खेड्यांपैकी 95 टक्क्यांहून अधिक खेड्यांत 3जी अथवा 4जी इंटरनेट पोहोचले होते. हा आकडा अभिमानास्पद आहे. पण उरलेली सुमारे 30 हजार खेडी कोठे आहेत, याचाही विचार करावा. डोंगरांच्या खोबणीत, अरण्यांच्या कडेला आणि सीमेलगत त्यांची संख्या मोठी आहे. अभयारण्ये, गिरिमार्ग व हिमशिखरे त्याच बाजूस असतात. जी उणीव गणनेत पाच टक्क्यांहूनही कमी दिसते, ती पर्यटनात त्याहून पुष्कळ मोठी होऊन बसते.

साखळीच्या बाबतीत सरासरी आणखी एका रीतीने फसविते. समजा, वर सांगितलेल्या दहा कड्यांपैकी प्रत्येक कडी शंभरांपैकी 95 वेळा नीट काम देते. असे 95 गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास आपण अव्वल म्हणू. तथापि कड्या परस्परनिरपेक्ष आहेत असे धरल्यास, दहाही कड्या एका प्रवासात निर्वेध पार पडण्याचा संभव 95 टक्क्यांचा दहा वेळा गुणाकार करून काढावा लागतो. तो जेमतेम 60 टक्के भरतो. याचा अर्थ, शंभर प्रवाशांपैकी चाळिसांना कोठे ना कोठे अडावे लागेल. प्रत्येक कडी 99 टक्के विश्वसनीय झाली, तर हाच संभव 90 टक्क्यांवर जातो. शेवटच्या चार टक्क्यांचे मोल किती, हे यावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

जमेची बाजू

भारताची जमेची बाजू सांगितल्यावाचून त्याचे दोष दाखविणे न्याय्य होणार नाही. रेल्वेचे तिकीट इंटरनेटवर काढण्याची सोय आपल्याकडे 2002 साली सुरू झाली. 2014 च्या नोव्हेंबरात 43 देशांच्या नागरिकांसाठी प्रवेशपरवाना संगणकाद्वारे देण्यास आरंभ झाला, आणि आज दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांना इ-व्हिसा मिळू शकतो. दूतावासाच्या दारात रांग लावण्याचे काम त्यामुळे पुष्कळांचे वाचले.

सर्वांत मोठी घटना पैशांच्या व्यवहारात घडली. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने 2024 या एका वर्षात सुमारे 17,200 कोटी व्यवहार पार पाडले. चहाची टपरी, नारळपाणीवाला, देवळाबाहेरची फुलवाली यांच्यापाशी चौकोनी संकेतचित्राची पाटी आढळते. महागडे यंत्र विकत न घेता लहान दुकानदारास डिजिटल रक्कम स्वीकारता यावी, ही गोष्ट अनेक श्रीमंत देशांना अद्याप साधलेली नाही.

नकाशांच्या बाबतीतही असाच बदल झाला. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 साली स्थापन झाला. परंतु त्याचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकास दीर्घकाळ सहजी मिळत नसत. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीचे नवे धोरण जाहीर करून भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीवाचून नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली. पर्यटनाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व जेवढे आहे, तेवढे अद्याप ओळखले गेलेले नाही.

पाहुण्याच्या हाती किल्ली आहे काय?

आता पाहुण्याच्या बाजूने या सोयींकडे पाहू. आपल्या बहुतेक डिजिटल सेवांची रचना भारतीय रहिवासी डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे, आणि तसे होणे स्वाभाविकही होते. या सेवा दारात दोन किल्ल्या मागतात. एक भारतीय मोबाइल क्रमांक, ज्यावर एकवार वापरावयाचा सांकेतिक अंक येतो. आणि दुसरी भारतीय बँकेतील खाते अथवा आधार क्रमांक. परदेशी नागरिकास आधार हवा असल्यास त्याचे भारतातील वास्तव्य मागील बारा महिन्यांत किमान 182 दिवसांचे असावे लागते. दोन आठवड्यांसाठी आलेल्या पर्यटकास ती किल्ली मिळणे शक्यच नाही. 2022 च्या डिसेंबरात काही विमानतळांवर चेहऱ्यावरून ओळख पटविणारी 'डिजियात्रा' सुरू झाली, तीही प्रारंभी आधारवरच आधारलेली होती. ज्याच्यासाठी विमानतळ सर्वांत अपरिचित, तोच त्या सोयीबाहेर राहिला.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. चीनमध्ये रोख पैसे जवळजवळ दिसेनासे झाले, तरी परदेशी प्रवाशास तेथील मोबाइल भरणापद्धती वापरणे दीर्घकाळ कठीण होते. 2023 च्या जुलैत तेथील दोन प्रमुख सेवांनी परदेशी बँकांची कार्डे जोडण्याची सोय खुली केली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. देश डिजिटल असणे आणि देश पाहुण्यासाठी डिजिटल असणे, या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिली सिद्ध झाली की दुसरी आपोआप येते, हा समज चीनच्या उदाहरणाने खोटा ठरविला आहे. उलट पहिली जितकी पूर्णत्वास जाते, तितकी रोखीची पर्यायी वाट बुजते आणि पाहुण्याची अडचण वाढते.

भारताने या दिशेने पाऊल उचलले आहे. 2023 साली जी-20 परिषदेच्या निमित्ताने रिझर्व्ह बँकेने परदेशी प्रवाशांस पारपत्र व व्हिसा दाखवून यूपीआयचा वापर करण्याची परवानगी दिली. योजना चांगली आहे. परंतु तिचे यश विमानतळावरील खिडकीत मोजावयाचे नसून खजुराहोच्या रिक्षातळावर मोजावयाचे आहे.

आणखी एक बाब पाहुण्याच्या जिवाशी निगडित आहे. उपग्रहामार्फत संदेश पाठविणारी लहान यंत्रे पाश्चात्त्य गिर्यारोहक सुरक्षिततेसाठी सर्रास जवळ बाळगतात. आपल्या देशात अशी यंत्रे पूर्वपरवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, आणि ती सापडल्यामुळे विमानतळावर प्रवासी अडचणीत आल्याचे प्रसंग घडले आहेत. सुरक्षेसाठी निर्बंध असावा की नसावा, हा स्वतंत्र प्रश्न आहे. निर्बंध आहे तर व्हिसाचा अर्ज भरतानाच तो ठळक अक्षरांत कळविणे, एवढी साधी गोष्ट तरी व्हावयास हवी.

जाळे खंडित होते तेव्हा

साखळीचा सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे जाळे मुद्दाम बंद केले जाणे. जम्मू-काश्मीरमध्ये 2019 च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट सेवा थांबविण्यात आली. 2020 च्या जानेवारीत 2जी गतीची सेवा टप्प्याटप्प्याने परतली. 4जी सेवा सर्वत्र पूर्ववत व्हावयास 2021 चा फेब्रुवारी उजाडला. काश्मीर खोऱ्यातील हाउसबोटवाल्याचे आरक्षण इंटरनेटवरून येते. पर्यटकांचे येणेच थांबलेले असताना त्याच्या नुकसानीत जाळ्याचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण वाट पाहणाऱ्या ग्राहकाला उत्तर पाठविण्याचे साधनही त्याच्यापाशी उरले नव्हते, हे खरे. 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात निर्णय देताना इंटरनेटद्वारे चालणारा व्यवसाय घटनेच्या संरक्षणाखाली येतो आणि सेवा अनिश्चित काळ बंद ठेवता येत नाही, असे स्पष्ट केले.

सुरक्षेची कारणे गंभीर असू शकतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु परीक्षेतील नक्कल रोखण्यासाठीही जाळे बंद झालेले आपण पाहिले आहे. 2021 च्या सप्टेंबरात राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट थांबविले गेले. ज्या राज्याची पर्यटनावर मोठी भिस्त आहे, त्या राज्यात एका परीक्षेपायी प्रवाशाचा नकाशा, तिकीट व पैसे ही तिन्ही साधने एकाच वेळी निकामी व्हावीत, हे सिद्धतेचे लक्षण नव्हे. सिद्धतेच्या कोणत्याही मोजपट्टीत वर्षाकाठी जाळे किती तास बंद राहिले, हा रकाना असलाच पाहिजे. आणि जाळे बंद असता तिकीटखिडकी, छापील नकाशा व रोख रकमेची सोय यांपैकी काय चालू राहिले, हाही.

यजमानाची बाजू

आतापर्यंत पाहुण्याचा विचार झाला. यजमानाचा विचार बहुधा होतच नाही. लहान खानावळ चालविणारी बाई, घरातील दोन खोल्या पाहुण्यांस देणारा शेतकरी, किल्ल्याच्या पायथ्याशी उभा असणारा वाटाड्या, हे सर्व डिजिटल पर्यटनाचे भागीदार आहेत. पूर्वी त्यांस ग्राहक मिळे तो रस्त्यावरून. आता तो पडद्यावरून येतो, आणि पडद्यावर कोणाचे नाव वर दिसावे, हे दूरच्या कंपनीच्या हाती असते.

2022 च्या ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगाने निवासाचे ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या एका मोठ्या समूहास 223 कोटी 48 लाख रुपये दंड ठोठावला. याच आरक्षणस्थळावर हॉटेलाने जो दर दिला असेल, त्याहून कमी दर अन्यत्र देऊ नये, अशा स्वरूपाच्या अटी घालण्यात येत होत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मोठ्या हॉटेलांची ही कथा; मग दोन खोल्यांच्या मालकाने कोणत्या बळावर वाटाघाट करावी? पर्यटन मंत्रालयाने 'निधी' नावाची निवासगृहांची राष्ट्रीय नोंदसूची उघडली आहे, हे योग्य झाले. परंतु नोंद होणे आणि ग्राहक मिळणे यांत अंतर आहे. देशाची सिद्धता ठरविताना प्रवाशाने भरलेल्या शंभर रुपयांपैकी गावात किती उरतात, हे माप लावले पाहिजे. जेथे डिजिटल व्यवहार वाढले पण गावातील हिस्सा घटला, तेथे सिद्धता कोणाची झाली, असा प्रश्न उपस्थित होतो.

भाषेचा प्रश्न याच बाजूचा आहे. 2016 साली मंत्रालयाने पर्यटकांसाठी 1363 क्रमांकाची अहोरात्र दूरध्वनी सेवा सुरू केली. ती बारा भाषांत उत्तर देते: हिंदी, इंग्रजी आणि दहा परदेशी भाषा. कल्पना स्तुत्य आहे. परंतु 2023 साली परदेशी पर्यटक आले सुमारे 95 लाख, आणि देशी पर्यटकांच्या भेटी झाल्या सुमारे 251 कोटी. 2025 च्या जुलैत मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यातील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात व एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. राजाराम महाराजांचे जिंजी पाहावयास निघालेला सांगलीचा शेतकरी आणि रायगड पाहावयास आलेला तमिळ शिक्षक, हे आपले खरे पर्यटक होत. त्यांच्या भाषेत माहिती, तिकीट व मदत मिळते काय? यंत्राद्वारे भाषांतराचे 'भाषिणी' हे राष्ट्रीय कार्य 2022 मध्ये सुरू झाले आहे. त्याची खरी परीक्षा अशा ठिकाणी व्हावी.

गर्दीचे भान

डिजिटल साधनांचे काम केवळ माणसे आणणे हे नव्हे. वेळ पडल्यास थांबविणे हेही आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 7 मे 2024 पासून निलगिरी व कोडैकानल येथे जाणाऱ्या वाहनांस इ-पास घेणे आवश्यक झाले. डोंगरी रस्ता किती वाहने पेलू शकतो, हे ठरविण्यापूर्वी किती वाहने येतात हे तरी ठाऊक असावे लागते, हा त्यामागील विचार शास्त्रीय आहे. 2013 च्या केदारनाथ आपत्तीत वर किती यात्रेकरू होते, याची विश्वसनीय नोंद कोणापाशीच नव्हती. शोधकार्यात ही उणीव जिवावर बेतली. त्यानंतर तेथे यात्रेकरूंची नोंदणी सुरू करण्यात आली. अशा नोंदींना आमचा पाठिंबा आहे. मात्र नोंद झालेली माहिती किती दिवस ठेवली जाते व कोण पाहू शकतो, हे प्रवाशास कळलेच पाहिजे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आशयही हाच आहे. तसेच ज्याच्यापाशी फोन नाही, त्या वृद्ध यात्रेकरूसाठी साधी खिडकी उघडी राहिली पाहिजे.

कसोटी कशी घ्यावी

यास्तव आमची सूचना अशी आहे. देशातील सर्व प्रकारच्या भूभागांतून काही स्थळे चिठ्ठ्या टाकून निवडावीत: एखादे तीर्थक्षेत्र, एखादे अभयारण्य, एखादा सागरकिनारा, एखादे हिमालयीन खेडे, एखादा किल्ला. प्रत्येक स्थळी चार प्रकारच्या प्रवाशांनी जावे: एक परदेशी, एक अन्य भाषिक भारतीय, एक दृष्टिहीन अथवा अपंग, आणि एक साधा फोन वापरणारा वृद्ध. त्यांनी दहाही कड्या प्रत्यक्ष वापरून कोठे अडले ते टिपावे. त्याच स्थळी यजमानांपैकी काहींचे एका हंगामाचे हिशेब, त्यांच्या संमतीने, पाहावेत. हे काम दरवर्षी, निरनिराळ्या ऋतूंत व्हावे, आणि सर्व नोंदी लोकांस खुल्या असाव्यात. स्थानिक महाविद्यालयांतील भूगोल, संख्याशास्त्र व संगणकशास्त्राचे विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील. त्यास प्रचंड खर्च लागत नाही. शिस्त मात्र लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की बाजारपेठ ही उणीव स्वतःच भरून काढील. जेथे गिऱ्हाईक पुष्कळ तेथे ती काढीलही. परंतु तीस हजार खेड्यांत जाळे न पोहोचण्याचे कारणच हे, की तेथे गिऱ्हाईक विरळ आहे. दुसरा आक्षेप असा, की अशा चाचणीत देशाचे दोष उघड होतील आणि क्रमांक घसरेल. त्यावर उत्तर असे, की परदेशी संस्थेने लावलेला क्रमांक सुधारला म्हणून स्पितीमधील घरमालकास एकही पाहुणा अधिक मिळत नाही. त्याच्या गावी कोणती कडी निखळते हे कळले, तर ती जोडता येईल.

ताप मोजला म्हणून वाढत नाही, हे वैद्यास वेगळे सांगावे लागत नाही. राज्यकर्त्यांनी व नियोजनकारांनी हीच दृष्टी ठेवून पहिली चाचणी येत्या हंगामात निदान दहा स्थळी घ्यावी, आणि तिचे निष्कर्ष त्या त्या प्रदेशाच्या भाषेत छापून ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत. आपला देश सिद्ध आहे की नाही, याचे उत्तर तेथील लोक वाचतील, तपासतील आणि चुकले असल्यास दुरुस्त करतील.